गावच्या शाळेचं खरं साल कसं काढायचं, आणि सालाखेरीज लिहायचं काय?

प्रश्न असा आहे: साताऱ्याच्या माण तालुक्यात एक लहान गाव आहे आणि तिथे दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे. दर्शनी भिंतीवर ‘स्थापना १९२६’ असं रंगवलंय, म्हणून ग्रामस्थांना शताब्दी करायची आहे आणि स्मरणिकाही काढायची आहे. पण गावातली म्हातारी माणसं सांगतात, आमचे आजे त्याच्याही आधी मारुतीच्या देवळात शिकले. कागद म्हणाल तर कपाटात चार-पाच जीर्ण रजिस्टरं आहेत. शाळेवरच्या गुरुजींनी विचारलंय की खरं साल कुठलं धरायचं आणि इतिहास म्हणून लिहायचं काय.

शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून नोकरी केली, तेव्हा असली कपाटं पुष्कळ उघडली. निवृत्तीनंतर बऱ्याच गावांच्या स्मरणिकांना हात लावला. त्या भरवशावर सांगतो.

गुरुजी, आधी ‘खरं साल’ हा शब्द बाजूला ठेवा. खेड्यातल्या शाळेला निदान चार जन्म असतात. पोरं एका ठिकाणी बसून शिकायला लागली तो एक. सरकारने शाळा दप्तरी घेतली आणि मास्तरचा पगार चालू झाला तो दुसरा. स्वतःची इमारत झाली तो तिसरा, आणि आज जे नाव आहे ते लागलं तो चौथा. भिंतीवर रंगवलेलं साल या चारांपैकी कुठलं, हे रंगवणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. शाळेची माहिती दरवर्षी सरकारला कळवायची त्या यू-डायसच्या फॉर्ममध्ये स्थापना वर्षाचा रकाना असतो. तो कुणीतरी कधीतरी भरला, पुढे दरवर्षी तोच उतरवला गेला आणि शेवटी तो भिंतीवर चढला, असंही होतं. तेव्हा यू-डायसचा रकाना पुरावा म्हणून देऊ नका.

तुमच्या १९२६ बद्दल मला एक शंका आहे. मुंबई इलाख्यात १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि प्राथमिक शाळांचा कारभार शिक्षण खात्याकडून जिल्हा लोकल बोर्डांकडे (जिल्हा परिषदेच्या आधीची संस्था), त्यांच्या स्कूल बोर्डांकडे, गेला. कारभारी बदलला की दप्तर नव्याने मांडलं जातं, नवी रजिस्टरं येतात. १९२० च्या दशकाच्या मध्यातलं साल दिसलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो की शाळा तेव्हा निघाली की फक्त रजिस्टर तेव्हा उघडलं? तुमच्या शाळेचं उत्तर तुमच्याच कपाटात आहे. जुनी माणसं शाळेला ‘लोकल बोर्डाची शाळा’ म्हणतात ती याच काळामुळे.

त्याच्याही मागचा धागा थोडक्यात सांगतो, कारण स्मरणिकेत एक परिच्छेद लागेलच. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर (हिंदुस्थानातल्या शिक्षणाबद्दलचं कंपनी सरकारचं धोरणपत्र) १८५५ मध्ये मुंबई इलाख्याचं शिक्षण खातं उभं राहिलं. खेड्यापर्यंत शाळा पोचल्या त्या मात्र लोकल फंडामुळे. जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवली, तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाला ठेवला, आणि १८६९ च्या कायद्याने ही व्यवस्था पक्की झाली. म्हणजे शाळेचा पैसा कुणब्याच्या जमिनीतूनच आला. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांची तक्रार हीच होती की पैसा रयतेचा आणि खर्च वरच्या शिक्षणावर. आधी खेड्यातलं प्राथमिक शिक्षण बघा, तेही सक्तीचं करा. आपल्या गावाने शाळेसाठी किती सोसलं हे लिहिताना लोकवर्गणीच्या गोष्टी सगळे लिहितात. या एका आण्याची आठवण कुणी काढत नाही, तुम्ही काढा.

आणखी एक खात्री आधी करून घ्या. १९४८ च्या मार्चपूर्वी तुमचं गाव खालसात, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखाली, होतं की संस्थानात? तुमच्या बाजूला औंध आणि फलटण संस्थानांची हद्द कशी वेडीवाकडी होती हे ठाऊक असेलच. शेजारचं आटपाडीही औंधाकडे होतं. गाव संस्थानात असेल तर लोकल बोर्डाचा इतिहास तुम्हाला लागूच नाही, तिथला कारभार दरबारचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच राज्यभर केलं. मराठवाड्यातल्या गावाला यातलं काहीच लावता येत नाही. तिथे निजामाचं खातं, सरकारी शाळांत उर्दूचा वरचष्मा आणि तारखा फसली सनात. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं. इलाखा चुकला की पुढचं सगळं लिखाण चुकतं.

आता कपाटाकडे वळा. तुमच्या हातात सगळ्यात मोलाची वस्तू आहे ती जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल-खारीज. एक नंबरचं काढा आणि पहिलं पान बघा. अनुक्रम १ पासून सुरू होतो का? तो ३००-४०० च्या पुढून सुरू होत असेल तर आधीचं एक रजिस्टर होतं आणि ते हरवलंय, वाळवीने खाल्लंय किंवा केंद्रशाळेत राहिलंय. शाळा त्या सालाहून जुनी, यात शंका नाही.

अनुक्रम १ पासून असेल तर पहिल्या पंचवीस-तीस नोंदी नीट वाचा. सगळ्यांची दाखल तारीख एकच आणि सगळे बिगरीत (पहिलीच्या आधीचा वर्ग) किंवा पहिलीत असतील, वयं मात्र सहापासून बारापर्यंत पसरलेली असतील, तर शाळा त्याच दिवशी नव्याने सुरू झाली असं बेलाशक लिहा. पण तारीख एकच असून मुलं पहिली ते चौथीत विभागलेली असतील तर शाळा आधीपासून चालू होती. त्या दिवशी फक्त रजिस्टर बदललं आणि हजर पटावरची नावं उतरवून घेतली. चौथीतलं पोर त्या तारखेआधी निदान तीन वर्षं कुठेतरी शिकत होतंच. ‘पूर्वीची शाळा’ हा रकाना भरलेला असेल तर तेही कळतं. ‘घरी’ लिहिलं असेल तर पंतोजीची शाळा किंवा वाड्यातली शिकवणी समजा.

मग शाई बघा. बॉलपेन आपल्याकडे सर्रास वापरात आलं ते स्वातंत्र्यानंतर बऱ्याच काळाने. १९३० ची नोंद बॉलपेनने, एकाच हाताने, एकाच दाबाने सलग पन्नास पानं लिहिलेली दिसली तर ती नक्कल आहे. नक्कल म्हणजे खोटं नव्हे, जुनं रजिस्टर फाटल्यावर हेडमास्तर ती करतच. पण नकलेत चुका शिरतात, म्हणून तसं नमूद करा. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याची ओळ असते, येरवडा प्रिझन प्रेससारखी, आणि पुष्कळदा तिथे छपाईचं सालही असतं. १९२६ च्या नोंदी १९४१ मध्ये छापलेल्या फॉर्मवर असतील तर पुढचं सांगायला नको.

जन्मतारखांवर मात्र विसंबू नका. ‘१ जून’ किती जणांची आहे ते मोजून बघा, हसाल. जूनमध्ये नाव घालायला बाप पोराला घेऊन आला की मास्तरांनी डोक्यावरून हात फिरवून कान पकडायला लावला, पोराचं वय ठरवलं आणि तारीख ठोकून दिली.

रजिस्टरचा खरा ऐवज मात्र शेवटच्या दोन रकान्यांत असतो, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. बहुतेक स्मरणिका पहिला विद्यार्थी कोण, पहिला डॉक्टर कोण, पहिला फौजदार कोण यातच अडकतात. तुम्ही एक वही घ्या आणि दर पाच वर्षांच्या तुकड्या पाडून मोजा: किती दाखल झाले, किती चौथी पास होऊन गेले, किती ‘सतत गैरहजर, सबब नाव कमी’ झाले, किती ‘पालक परगावी’. माणदेशात हा शेवटचा रकाना फार बोलतो. दुष्काळ पडला की बिऱ्हाडं मुंबईला गिरणीत, माथाडीत नाहीतर ऊसतोडीला गेली आणि पट कोसळला. मेंढपाळांची पोरं दिवाळीनंतर पटावरून गळतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा दाखल होतात, त्यांना नवा नंबर पडतो. एकाच मुलाचे दोन-तीन नंबर सापडले तर गोंधळू नका. १९१८ चं रजिस्टर हाती असेल तर त्या वर्षाचा शेवट बघा, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत खेड्यापाड्यांत हाहाकार झाला होता. १९७२-७३ बघा, दुष्काळी कामांवर आईबाप खडी फोडायला गेले तेव्हा पोरं वर्गात होती की कामावर सुकडीच्या (तिथे वाटल्या जाणाऱ्या पौष्टिक पिठाच्या) रांगेत, हे हजेरीपत्रकावरून काढता येतं. एवढं एक कोष्टक नीट झालं तर बाकीची स्मरणिका जाहिरातींनी भरली तरी चालेल.

मुलींचं वेगळं मोजा. पहिली मुलगी कुठल्या साली, कुणाची, आणि कितवीपर्यंत टिकली. पुष्कळ गावांत पहिली मुलगी मास्तरांचीच किंवा कुलकर्ण्याची निघते आणि रयतेच्या घरातली पहिली पोर तिच्यानंतर बऱ्याच वर्षांनी येते. या दोन सालांमधलं अंतर छापा.

आता नाजूक गोष्ट. दलित वस्तीतली मुलं शाळेत कधी आली, आणि आली तेव्हा कुठे बसली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर रजिस्टर देतं, दुसऱ्याचं देत नाही. साताऱ्याचंच उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव दाखल झालं. १९१४ क्रमांकाची ती नोंद आजही जपून ठेवलेली आहे आणि हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ती ओळ वाचली तर नाव, इयत्ता, तारीख एवढंच हाती लागतं. वर्गात कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे आणि स्वतःच्या हाताने नळ सोडून पाणी पिण्याची मुभा नव्हती, हे बाबासाहेबांनी पुढे आठवणींत लिहिलं म्हणून आपल्याला कळलं. मुंबईच्या कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सरकारी पैशावरच्या विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या व्हाव्यात असं ठरलं. गावोगाव तो कितपत पाळला गेला हे ठरावात सापडत नाही, वस्तीतल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना विचारावं लागतं. तुमच्या गावची शाळा मारुतीच्या देवळात भरत होती म्हणता, तर आधी हेच विचारा की ज्यांना देवळाची पायरी चढायची बंदी होती त्यांची पोरं त्या शाळेत कशी बसली? उत्तर गावाला रुचेल असं नसेल. तरी ते स्मरणिकेत आलंच पाहिजे. समितीतले दोघे-तिघे ‘कशाला जुनं उकरता’ म्हणतील, तेव्हा तुम्ही ठाम राहा.

दुसरं दप्तर म्हणजे शेरेबुक. साहेब तपासणीला आले की त्यात लिहून जात. गावात ‘दिपोटी’, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार म्हटलं की आदल्या दिवशी शाळा सारवून निघे. शेरे तेच ते असतात, ‘पट इतका, हजर इतके, परवचा बरा, हिशेब कच्चे, टापटीप समाधानकारक’. पण मध्येच ‘शाळागृह पावसात गळते, बोर्डास कळवावे’ अशी ओळ येते. पुढची तीन-चार वर्षं तीच ओळ पुन्हा पुन्हा आली की इमारतीची गोष्ट तुमच्या हाती लागली. जडसंग्रह रजिस्टरही, म्हणजे शाळेतल्या वस्तूंची नोंदवही, चाळा. घड्याळ, नकाशा, लेझीम, चरखे, टकळ्या कधी आल्या आणि कधी निर्लेखित झाल्या यावरून त्या त्या काळात सरकारला शाळेकडून काय हवं होतं ते समजतं. चरखे-टकळ्यांच्या नोंदी भराभर आल्या असतील तर तो मूलोद्योगी शिक्षणाचा, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवायच्या पद्धतीचा, काळ. ‘जीवन शिक्षण मंदिर’ हे नावही तेव्हाचंच. काही शाळांच्या कमानीवर अजून आहे. जिल्हा परिषद हे नाव लागलं १ मे १९६२ नंतर.

इमारतीवरून साल काढायला जाल तर जपून. जुन्या शाळांवर मंगळुरी कौलं असतात. एखादं उलटं करून बघितलं की बासल मिशनचा छाप आणि १८६५ साल दिसतं, आणि गावात बातमी पसरते की शाळा १८६५ ची! ते साल कारखान्याच्या स्थापनेचं आहे, तुमच्या कौलाचं नाही. तसं कौल पुढे कितीतरी वर्षं त्याच छापाने निघत होतं. शिवाय कौलं एका इमारतीवरून उतरून दुसरीवर जातात. लोखंडी तुळईवरचा छाप जरा जास्त कामाचा. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघू लागलं ते १९१२ पासून, म्हणजे टाटाचा छाप असलेली तुळई त्याआधीची असूच शकत नाही. एवढीच खालची मर्यादा मिळते, त्यापलीकडे तिच्यावर मजला चढवू नका. सिमेंटच्या दोन खोल्या शेजारी असतील तर त्या १९८७ नंतरच्या खडू-फळा योजनेतल्या किंवा २००१ नंतरच्या सर्व शिक्षा अभियानातल्या आहेत का, हे पंचायत समितीच्या बांधकाम शाखेत विचारा.

जागेचा कागद शोधाच, इतिहासासाठी नको असेल तरी शाळेसाठी. ‘अमक्याच्या पणजोबाने जागा दिली’ असं सगळे सांगतात आणि बक्षीसपत्र कुठेच नसतं. सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफार नंबर असतात. ते धरून तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना ६ चे जुने फेरफार काढा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानंतर सुरू झाली, त्यामुळे त्यापुढची देणगी कुठेतरी उमटलेली असण्याची शक्यता असते. शाळा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा. दात्याच्या वारसांशी मात्र कागद हातात आल्यावरच बोला. आधी बोललात तर इतिहास राहील बाजूला आणि हद्दीचा वाद सुरू होईल.

गावाबाहेर शोधण्यासारखंही आहे. सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८५ चं, कॅम्पबेलने संपादित केलेलं. त्यात शिक्षणाचं प्रकरण आहे. लहान गावाचं नाव सापडेलच असं नाही, पण त्या काळी तालुक्यात शाळांची स्थिती काय होती याचा अंदाज येतो. १९६१ पासूनच्या जनगणना हस्तपुस्तिकांत गावनिहाय सोयींची यादी असते, त्यात शाळा आहे की नाही ते बघा. पोस्टाकडेही लक्ष द्या. खेड्यात पोस्टाची शाखा पुष्कळदा मास्तरांकडेच असे, तेव्हा गावात पोस्ट कधी आलं हे कळलं तर मास्तर कधीपासून होता याचा माग लागतो. पुण्याच्या आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात जायचं तर तालुका, जुना परगणा आणि गावाच्या नावाची जुनी रूपं आधी लिहून घ्या, नाहीतर दोन दिवस फुकट जातील. आणखी एक सोय अलीकडे झाली आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना महसूल यंत्रणेने शाळांची जुनी रजिस्टरं ठिकठिकाणी तपासली, स्कॅनही केली. तुमच्या शाळेतलं हरवलेलं रजिस्टर त्यात आलं होतं का, हे तहसीलला विचारा. मोडीतली पानं असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. अंदाजाने वाचू नका, मोडीत आडनावं फसवतात.

म्हाताऱ्यांकडे जायचं ते रजिस्टर वाचून झाल्यावर. ‘आजोबा, शाळा कधी निघाली?’ असं विचारलंत तर ते ‘लई जुनी हाय’ म्हणतील आणि तिथेच थांबाल. त्यापेक्षा त्यांच्याच नोंदीची झेरॉक्स हातात ठेवा, वर्गातली नावं वाचून दाखवा. चौथं-पाचवं नाव वाचेपर्यंत आजोबा स्वतःच बोलायला लागतात: कोण पाटी फोडायचा, कुठल्या मास्तरांचं जेवण कुणाच्या घरून यायचं, पावकी-निमकी चुकली की काय व्हायचं. साल विचारायचं नाही. गांधीवधाच्या आधी की नंतर, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कितवीत होता, बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का, असं विचारा. भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, सातारा जिल्ह्यात तो कुणी विसरलेलं नाही; त्याला टेकून आठवणी वर्षा-दीड वर्षाच्या फरकाने नेमक्या लागतात.

छापताना एक पथ्य पाळा. रजिस्टरची पानं जशीच्या तशी स्मरणिकेत टाकू नका. जात, जन्मतारीख, नाव कमी केल्याचं कारण हे हयात माणसांचं आणि त्यांच्या मुलाबाळांचं आहे. कोष्टकं छापा, नावं विचारून छापा. मूळ रजिस्टर कुणाच्या घरी, कुणाच्याही शब्दावर, एका रात्रीसाठीही देऊ नका; दाखल्यासाठी आजही त्याचीच गरज लागते आणि हरवलं तर जबाब तुमच्यावर. प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलने उजेडात, सपाट ठेवून, सावली न पडू देता घ्या. एक संच केंद्रशाळेत आणि एक तालुक्याच्या वाचनालयात ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षर घेऊन निघते. लॅमिनेशन तर मुळीच नको. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने पान जोडणारी माणसं पुराभिलेखागारात असतात, त्यांना विचारा. तोवर सुती फडक्यात बांधून, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा.